दोन एकर चौदा गुंठ्यांसाठी यंत्र निवडताना : प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

जागा भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. आजोबांच्या वाटणीची ९४ गुंठे. खाली २२ गुंठे भातखाचर, त्याच्या वर पाच ताली (उतारावर बांध घालून केलेल्या पायऱ्या) मिळून ५० गुंठे, बाकीच्या २२ गुंठ्यांत शेड, विहीर, वाट आणि मुरमाड माळ. पंधरा वर्षं आम्ही इकडे फिरकलो नव्हतो. खाचर तेवढं शेजारचे आबा कसत होते. तालींवर घाणेरी डोक्याच्या वर गेली आहे, बांधांवर बाभळी उभ्या आहेत.

मी पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी इथे येतो. भाड्याचा ट्रॅक्टर नेमका त्याच दोन दिवशी मिळत नाही, कारण त्याला मोठ्या रानांची कामं असतात. एवढ्याशा तुकड्यासाठी डोंगरात चढून कोण येणार? म्हणून स्वतःचं यंत्र घ्यायचं ठरवलं आहे. मनात आहे तो २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर, पुढे माती उचलायला लोडर, मागे माती फोडायला रोटर. ज्यांना विचारलं ते सगळे दहा-वीस एकरवाले, सपाट रानाचे. तालींच्या जमिनीवर काय चालतं हे लिहिलेलं कुठे सापडलं नाही, म्हणून या नोंदी.

२४ नोव्हेंबर, रविवार

जेसीबी दोन दिवस लावला. ११ तास, तासाला १,३०० रुपये, ने-आणीचे वेगळे १,५०० रुपये. एकूण १५,८००. घाणेरी मुळासकट निघाली आणि शेडपर्यंतची वाट मोकळी झाली. त्या कामाबद्दल तक्रार नाही.

चूक तिसऱ्या तालीवर झाली. ती एका बाजूला उतरती होती, सरळ करून घ्यायची होती. मी ऑपरेटरला ‘लेव्हल करा’ एवढंच सांगितलं आणि जेवायला शेडवर गेलो. पाऊण तासाने आलो तर ताल आरशासारखी सपाट. पण वरच्या अंगाची काळी माती खालच्या बांधाला जाऊन पडली होती आणि जवळपास पाच गुंठ्यांत नुसता मुरूम उघडा पडला होता. ऑपरेटरने सांगितलं तेच केलं, दोष त्याचा नाही. आधी वरची फूटभर माती खरवडून एका कडेला ढीग लावायचा, मग खालचा मुरूम कापून सपाटी करायची आणि शेवटी माती परत पसरायची, हा क्रम मला ठाऊक असायला हवा होता. वेळ जास्तीत जास्त दीड तास वाढला असता.

आता त्या पाच गुंठ्यांसाठी बाहेरून सहा ट्रॉली माती आणावी लागली. ट्रॉलीला १,८०० प्रमाणे १०,८०० रुपये. आजोबांनी आणि पणजोबांनी दगड रचून जी माती अडवली होती ती मी पाऊण तासात घालवली, याचं वाईट वाटतं आणि पैशांपेक्षा ते जास्त आहे.

८ डिसेंबर, रविवार

गेल्या आठवड्यात दोन शोरूम पाहून आलो. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी २४४१, दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह. दोन्हींची उचलण्याची क्षमता ७५० किलो. स्वराज कोडही पाहिला. तो ११ एचपीचा, पेट्रोलवर चालणारा, फार अरुंद आणि हलका. दोन पिकांच्या ओळींत फिरवायला छान, पण माझ्या मुरमात आणि चढात त्याचा निभाव लागेल असं वाटलं नाही. एका ओळखीच्यांनी वेगळाच सल्ला दिला, ‘त्याच पैशांत जुना ३९ एचपीचा घे, ताकद दीडपटीहून जास्त.’ हिशेबाने ते खरं आहे. जुने मोठे ट्रॅक्टर एचपीमागे स्वस्तच पडतात.

मोहात पडण्याआधी एक गोष्ट केली आणि ती प्रत्येकाने करावी असं माझं मत आहे. बांबू तोडून दोन चौकटी बांधल्या. एक चार फूट रुंद, साडेदहा फूट लांब, म्हणजे छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे उचललेला रोटर. दुसरी सहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, म्हणजे मोठा ट्रॅक्टर अवजारासकट. चौघांनी चार कोपरे धरले आणि गाडीरस्त्यापासून शेवटच्या तालीपर्यंत दोन्ही चौकटी चालवत नेल्या.

मोठी चौकट पहिल्याच वळणावर अडकली. तिथे एका बाजूला चुलत्यांच्या घराचं जोतं, दुसऱ्या बाजूला आंब्याचं खोड, मधे साडेसहा फूट. चौकट कितीही तिरकी केली तरी फिरेना. ३९ एचपीचा विषय तिथेच संपला. छोटी चौकट शेडपर्यंत आली, पण चौथ्या तालीची रुंदी जेमतेम चौदा फूट. तिथे ती मागे-पुढे, मागे-पुढे करत पाच वेळा वळवावी लागली. पाचव्या तालीवर तर वर जाणारा उतारच इतका उभा होता की चौकट धरणाऱ्यांचे पाय घसरले. शोरूमच्या फरसबंद अंगणात यातलं काही दिसत नाही.

लोडरचा हिशेबही त्याच संध्याकाळी केला. जोडणीसह १,६०,००० रुपयांचा अंदाज मिळाला होता. तेवढ्या पैशांत जेसीबी १२३ तास येतो. पहिल्या, सगळ्यात अवजड वर्षातसुद्धा माझं काम १५ तासांच्या वर जाणार नाही. शिवाय छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर लोडरचा भार आला की मागे वजन बांधावं लागतं, आणि तालीच्या कडेला भरलेलं बकेट वर उचलणं म्हणजे उलटण्याला निमंत्रण. लोडर यादीतून काढला.

१९ जानेवारी २०२५, रविवार

मधला मार्ग म्हणून सात एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर घेतला, ४६,५०० रुपये. अरुंद तालींवर हाताने फिरवता येईल, ट्रॅक्टरची घाई नको, असा विचार होता.

आज दुसऱ्या तालीवर चालवला. पाती दगडाला लागली की यंत्र पुढे उडी मारतं आणि मनगटाला हिसका बसतो. कोरड्या मुरमाड जमिनीत दोन इंचांच्या खाली जातच नाही. मागचा खोलीचा दांडा खाली करून पाहिला तर जागच्या जागी खड्डा करत बसतो. दीड तासात तीन गुंठे झाले आणि संध्याकाळी चहाचा कप धरताना हात थरथरत होता. वय ५१ आहे, हे धरूनच यंत्र निवडायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वीडरला न्याय द्यायचा म्हणून पाणी देऊन तीन दिवसांनी, वापसा आल्यावर पुन्हा चालवला. फरक पडला. चार इंच माती भुसभुशीत झाली. म्हणजे यंत्र वाईट नाही. भाजीच्या वाफ्यात, दगड नसलेल्या जमिनीत ते उत्तम काम करेल. पण सगळ्या तालींना आधी पाणी द्यायचं तर विहिरीत तेवढं पाणी नाही.

दुसरी चूक याच यंत्राची. कृषी सहायकांकडे गेलो तेव्हा कळलं की राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करून, पूर्वसंमती मिळाल्यावर मगच यंत्र खरेदी करायचं असतं. आधी घेतलेल्या यंत्रावर अनुदान नाही. बिल माझ्या खिशात होतं, महिनाभर आधीच्या तारखेचं.

आजपासून शेडच्या दाराला एक वही लटकवली आहे. काम कोणतं, यंत्र कोणतं, किती तास, किती रुपये. नोव्हेंबरपासूनची कामं आठवून मागची पानं भरली.

१२ एप्रिल, शनिवार

वीडर विकला, २९,०००ला. तीन महिन्यांत १७,५०० गेले. ज्यांनी घेतला त्यांची काळी, मऊ, बागायती जमीन आहे, तिथे तो चालेल.

आज ओळखीने एक टू व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर रोटरसह मिळाला. मालक म्हणाले, तूच चालव, तुझी जमीन तुला माहीत. पहिल्या तीन तालींवर नीट चालला. चौथ्या तालीवर चढताना मागे उचललेल्या रोटरच्या वजनाने पुढची चाकं जमिनीवरून सुटली. अर्धा फूट असतील, जास्त नाही. क्लच दाबला तर मागे घसरेल, न दाबला तर उलटेल, अशी ती दोन-तीन सेकंदं. रोटर झटकन खाली सोडला, तो जमिनीला टेकला आणि पुढची चाकं खाली आली. आबा बांधावरून ओरडत होते, ‘आरं, उलटा चढव! उलटा!’

आबांचं बरोबर होतं. मागे जड अवजार असेल तर उभ्या चढावर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवायचा, म्हणजे जड बाजू चढाच्या अंगाला राहते. उतरताना तोंड खाली, पहिल्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता. आणि उताराला आडवं कधीच चालवायचं नाही. हे मला कुणी शोरूममध्ये सांगितलं नव्हतं. त्या ट्रॅक्टरला उलटल्यावर डोकं वाचवणारी लोखंडी कमान नव्हती, आणि मी पाहिलेल्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ती नाही.

फोर व्हील ड्राइव्हच हवा, हे आज पक्कं झालं. चढताना पुढची चाकं ओढतात एवढंच त्याचं कारण नाही. उतरताना इंजिनाची पकड चारही चाकांना मिळते, हे कारण माझ्या लेखी मोठं आहे.

१८ मे, रविवार

चौथ्या आणि पाचव्या तालीचे चढ सुधारले. जेसीबी तीन तास, ३,९०० रुपये. चौथ्या तालीचा चढ आधी चौदा फुटांत पाच फूट होता, आता तीस फुटांत पाच फूट. या वेळी जेवायला गेलो नाही. आधी माती बाजूला काढून घेतली, मग मुरूम कापला.

१ जून, रविवार

चढ वाहून गेला. पावसाला अजून तीन आठवडे आहेत, तोवर मुरूम बसेल, असं धरलं होतं. यंदा मान्सून मेमध्येच आला, २६ तारखेला मुंबईत पोचला आणि त्याआधीपासून इथे वळवाने झोडपलं. मोकळा मुरूम निम्म्याहून जास्त खालच्या तालीत उतरला. रोलर नाही तर निदान जेसीबीचीच चाकं वर-खाली फिरवून दाबून घ्यायला हवा होता, आणि पहिल्याच दिवशी वरच्या अंगाला चर काढायला हवा होता. आता चर काढला, दोन मजूर लावून दगडांचं सोलिंग केलं. तीन दिवस, ४,८०० रुपये.

२९ जून, रविवार

खाचरात चिखलणी. आबांच्या पुतण्याचा व्हीएसटी कंपनीचा १३ एचपीचा, हातात धरून चालवायचा टिलर, साडेतीन तास, तासाला ५०० रुपये. टिलर एका खाचरातून दुसऱ्यात बांध न मोडता जातो. कोपऱ्यापर्यंत पोचतो. ट्रॅक्टर इथे उतरवला असता तर बांध फोडून पुन्हा घालावे लागले असते. भाताचं काम ट्रॅक्टरच्या कामांतून कायमचं वगळलं. वर्षातल्या साडेतीन तासांसाठी स्वतःचा टिलर घेण्यातही अर्थ नाही.

२७ जुलै, रविवार

एप्रिलमध्ये रोटर मारलेल्या तिसऱ्या तालीवरून लाल गढूळ पाणी वाहतंय. शेजारची दुसरी ताल, जिचा निम्मा भाग वेळ न मिळाल्यामुळे तसाच राहिला होता, तिथे गवत आहे आणि पाणी जवळजवळ स्वच्छ. एकाच पावसात, एकाच उतारावर, दहा फुटांच्या अंतरावर हा फरक उभा राहून पाहिला. आणलेली माती पुन्हा चालली आहे. तालींवर लावलेल्या कलमांच्या ओळींत रोटर मारायचा कशाला, हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारलाच नव्हता. सगळे मारतात म्हणून मीही मारला.

२४ ऑगस्ट, रविवार

गवताची तिसरी कापणी. ब्रश कटर पाठीवर घेऊन शनिवारी सहा तास, आज सात, आणि अजून दीड ताल बाकी. एक फेरी पूर्ण व्हायला साडेअठरा तास लागतात, म्हणजे दीडेक सुटी. तोवर पहिल्या तालीवर गवत पुन्हा गुडघ्याला येतं. या पावसाळ्यात दोन शनिवार-रविवार मुलीला भेटलोच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. वहीचं वर्ष पुरं व्हायला महिनाभर आहे, पण चौथ्या कापणीचे तास धरून बेरीज केली.

गवत कापणी ७४ तास. शेणखत, माती, दगड वाहणं १६ तास. जेसीबी १४. रोटर, वीडर धरून, ९. खड्डे पाडणं ५. चिखलणी साडेतीन. एकूण एकशे साडेएकवीस तास.

ही बेरीज मी दोनदा तपासली. मी वर्षभर नांगरटीचं यंत्र शोधत होतो आणि माझं साठ टक्के काम गवताचं निघालं. रोटरच्या नऊ तासांतले निम्मे तर करायलाच नको होते. गवत कापून तिथेच पडू दिलं तर मातीही थांबते आणि कलमांना आच्छादनही मिळतं. म्हणजे हवा आहे तो स्लॅशर (गवत कापणारं अवजार) ओढणारा ट्रॅक्टर. रोटर कधीमधी लागला तर भाड्याने मिळतो, जेसीबी मिळतो, टिलर आबांच्या घरी आहे. स्लॅशर आमच्या भागात भाड्याने कुणाकडेच नाही, मी चार गावांत विचारलं. जे भाड्याने मिळतच नाही त्यासाठीच पैसे घालायचे, असं ठरवलं.

२२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला. मला आधी ५,८०,००० सांगितलेली किंमत ५,४३,७५०च्या आसपास येते, ३६,००० रुपयांचा फरक. महाडीबीटीवर जूनमध्ये ट्रॅक्टरसाठी अर्ज केला आहे, अजून निवड आलेली नाही. वर्षाला साठ-सत्तर तासांसाठी साडेपाच लाख मनाला पटत नाहीत. वापरलेला शोधतो आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

मिळाला. २४ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, २०२१चा, मीटरवर ७१० तास, ३,७०,००० रुपये. तीन पाहिले, दोन सोडले. पाहताना काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे वाचतात.

मालकाला आधीच सांगून ठेवलं की इंजिन सुरू करून ठेवू नका, थंड इंजिन मला सुरू करायचं आहे. पहिला ट्रॅक्टर गरमच मिळाला, तिथून परतलो. मागे त्यांचाच रोटर उचलून, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलो. दुसऱ्या ट्रॅक्टरचा रोटर चार मिनिटांत जमिनीला टेकला, म्हणजे हायड्रॉलिक गळतंय. तिसऱ्याचा बोटभर उतरला, तेवढं चालतं. पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) लावून वेगवेगळ्या रेसवर आवाज ऐकला. फोर व्हीलचा दांडा टाकून मऊ जमिनीत पुढची चाकं खरोखर फिरतात का ते पाहिलं. पुढच्या आसाच्या टोकाला तेलाचा ओला डाग दिसला, सील गेलं होतं. ते दाखवून दहा हजार कमी करून घेतले. सील आणि पूर्ण सर्व्हिसिंगला नंतर ११,४०० लागले.

एक गोष्ट मात्र राहिली. कर्जाचा बोजा आरसी बुकवर तसाच होता. कर्ज फिटलं होतं, पण फायनान्सवाल्यांचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मालकांनी घेतलेच नव्हते. त्याशिवाय २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पुढे सरकत नाहीत. मी दसऱ्यानंतर लगेच इसार दिला होता. त्यापुढचे साडेचार आठवडे याच कागदासाठी गेले. इसार देण्याआधी आरसी बुक हातात घ्यावं.

३० नोव्हेंबर, रविवार

चार फुटी स्लॅशर नवा घेतला, ४८,०००. ट्रॅक्टरवर जास्त भार नको म्हणून चार फुटी पुरतो, आणि चाकांची रुंदी तेवढीच असल्याने दाबलेलं गवत मागे राहत नाही.

पहिल्या तासात शिअर बोल्ट तीन वेळा तुटला. गवतात लपलेले दगड. तिसऱ्यांदा वैतागून मी शेडमधला हाय टेन्साइल बोल्ट लावला, तो तुटणारच नाही म्हणून. पुढच्या दगडाला बोल्ट टिकला आणि पीटीओ शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला. २,९०० रुपये आणि अख्खा रविवार. शिअर बोल्ट मऊ असतो तो तुटण्यासाठीच. पंधरा रुपयांचा बोल्ट तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. आता कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि ग्रेडचे वीस बोल्ट डब्यात घालून ट्रॅक्टरवरच ठेवले आहेत.

१४ डिसेंबर, रविवार

काल सकाळी गवत ओलं असतानाच सगळ्या ताली पायी फिरलो. हाती लागले ते दगड बांधाला नेऊन रचले, निघाले नाहीत त्यांच्यावर चुना टाकला. ४३ ठिकाणी चुना पडला. मग स्लॅशर जमिनीपासून चार इंच वर ठेवून सुरुवात केली. चौथ्या तालीवर वळवण्यासाठी दोन्ही टोकांना तीन-तीन फूट बांध आधीच आत घेतला होता, तरी तीनदा मागे-पुढे करावं लागतं.

स्लॅशरने पाचही ताली तीन तास वीस मिनिटांत झाल्या. डिझेल साधारण सात लिटर. कलमांभोवतीची वर्तुळं आणि बांधाच्या कडा ब्रश कटरने, चार तास. साडेअठराच्या जागी सात तास वीस मिनिटं. बोल्ट एकदाच तुटला, चुना न पडलेल्या दगडावर. आता तिथेही चुना आहे.

एक दगड मात्र स्लॅशरखालून सुटून शेडच्या पत्र्याला लागला, साठ फुटांवर. त्या वेळी आबांची नात अंगणात होती, पण शेडच्या मागे. मागची साखळ्यांची झालर चार जागी तुटलेली होती आणि मी ती पाहिली नव्हती. काम तिथेच थांबवून झालर बदलून घेतली. यंत्र चालू असताना शंभर फुटांच्या आत कुणी यायचं नाही, हे आबांच्या घरी जाऊन सगळ्यांना सांगून आलो.

आजवरचा खर्च : ट्रॅक्टर ३,७०,०००, सील आणि सर्व्हिसिंग ११,४००, कागदपत्रं ५,२००, स्लॅशर ४८,०००, क्रॉस २,९००. मिळून ४,३७,५००. यात वाया गेलेले धरलेले नाहीत. वीडरचे १७,५०० आणि मातीचे १०,८०० ते वेगळे.

अजून दोन कामं बाकी आहेत. लोहाराकडून उलटण्यापासून वाचवणारी कमान करून घेणार नाही, अंदाजाने केलेलं वेल्डिंग वेळेला तुटतं. या ट्रॅक्टरसाठी कंपनीची मिळते का ते विचारायचं आहे. आणि तिसऱ्या तालीवर उघड्या मुरमाच्या पाच गुंठ्यांत पावसाआधी ताग पेरायचा आहे, त्यासाठी बी आबांनी बाजूला काढून ठेवलं आहे.